लपणाऱ्याला नटवताना

घराला रंग दिला की तो शेजाऱ्यांना दिसावा, अशी आपली माफक अपेक्षा असते. रिक्षाला रंग दिला की तो ट्रकवाल्याला दिसावा, ही तर जिवाची गरज. लढाऊ विमानाचं मात्र उलटं. रंग देऊन झाला की तिथला रंगारी चार पावलं मागे सरकतो, डोळे बारीक करतो आणि ‘आता काही दिसत नाही’ म्हणून समाधानाने हात पुसतो.

६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर या कारागिरीची जाहीर परीक्षा झाली. वायुदलाच्या ९२व्या वर्धापनदिनाच्या कसरती होत्या. ७२ विमानं आणि हेलिकॉप्टरं वर, अंदाजे १५ लाख माणसं खाली, आणि वेळ सकाळी अकरा ते दुपारी एक, म्हणजे या शहरात कावळासुद्धा सावली सोडत नाही ती. (त्या दिवशी ऊन आणि गर्दीने पाच जणांचा बळी घेतला. त्यात हसण्यासारखं काही नाही, म्हणून त्या दिवसाच्या व्यवस्थेबद्दल मी इथे काही लिहीत नाही. मी फक्त आकाशाकडे बघतो.)

आकाशाचा रंग दमट हवेमुळे धुवट करडा. विमानांचा रंगही करडा. आधी आवाज यायचा. पंधरा लाख माना आवाजाच्या दिशेने वळायच्या आणि विमान तोवर आवाजाच्या बरंच पुढे निघून गेलेलं असायचं. माझ्या पुढचे एक गृहस्थ पोराला खांद्यावर घेऊन ‘अदो! अदो!’ करत होते. अदो म्हणजे ‘ते बघ’. पोरगं बिचारं त्यांच्या बोटाकडे बघत होतं, कारण त्या भागात दिसण्यासारखं तेवढंच होतं. राफेल गेलं म्हणतात. सुखोई गेलं म्हणतात. करदात्यांच्या पैशातून लावलेला रंग आपलं काम चोख बजावत होता आणि करदाते मान धरून बसले होते.

मग ‘सारंग’ची हेलिकॉप्टरं आली आणि किनाऱ्याच्या जिवात जीव आला. लालभडक अंग आणि त्यावर मोर. लांबून, उन्हातून, छत्रीच्या फटीतून, कसंही दिसतं. नाशिकहून दिवाळीआधीच आलेली आमची आत्या इतका वेळ ‘मला काही दिसत नाही बाई’ म्हणत रुमालाने वारा घेत होती. ती एकदम ताठ झाली. “अगं, पैठणी!” शेजारच्या तमिळ आजींनी मात्र हात जोडले. मोर हे मुरुगनचं वाहन. एकच हेलिकॉप्टर आत्याला पदरासारखं दिसलं आणि आजींना देवळासारखं, आणि दोघींनाही ते दिसलं, हे त्यातलं महत्त्वाचं.

सारंगचा तळ तमिळनाडूतच, कोइमतूरजवळच्या सुलूरला आहे. २००३ मध्ये हा चमू उभा राहिला आणि २००४ मध्ये सिंगापूरला जाऊन त्याने पहिला जाहीर कार्यक्रम केला. गंमत अशी की त्याच सुलूरला तेजस लढाऊ विमानांचाही मुक्काम असतो. म्हणजे एकाच तळावर दोन बिऱ्हाडं: एकाने दिसलं की नोकरी गेली, दुसऱ्याने नाही दिसलं की नोकरी गेली. रंगाच्या डब्यांची अदलाबदल झाली तर काय होईल, या विचाराने तिथल्या भांडारपालाला झोप येते की नाही, देव जाणे.

समारंभासाठी विमान रंगवणं हा असा मुळातच पेचाचा धंदा आहे. लपण्यात ज्याची हयात गेली त्याला नटवून मंडपात बसवायचं. वायुदलाने १९८२ मध्ये सुवर्णमहोत्सवासाठी ‘थंडरबोल्ट्स’ चमू काढला, तेव्हा हंटर विमानांना गडद निळा आणि पांढरा दिला. १९९६ मध्ये बीदरला ‘सूर्यकिरण’ आला. (बीदर म्हणजे आपलं जवळपास घरचंच. भालकीच्या बाजारात उभं राहून मराठीत वर बघितलं तरी चालतं.) त्यांची किरण विमानं आधी निळी-पांढरी होती, मग नारिंगी-पांढरी झाली. २०११ मध्ये ती शिकवणीच्या कामाला परत गेली आणि काही वर्षांनी चमू लाल-पांढऱ्या हॉक विमानांवर पुन्हा उडू लागला. नौदलाने गोव्यातून ‘सागर पवन’ उडवला, तोही निळा-पांढरा. समुद्राकाठी निळ्या आकाशात निळं विमान! नौदलाचा निळ्यावर एवढा जीव आहे की त्यापुढे प्रेक्षकांची सोय दुय्यम.

आता हेच काम चेन्नईत करायचं ठरलं तर काय होईल, याचा मी बराच विचार केला आहे. इथे रंग हा रंग नसतो, तो पक्ष असतो. काळा-लाल घेतला तर द्रमुक. त्या काळ्या-लालमध्ये जरा पांढरं घातलं तर अण्णाद्रमुक. नुसता लाल कम्युनिस्टांचा. भगव्याशेजारी हिरवा गेला तर भाजप. निळा-लाल घेतला तर विडुदलै चिरुत्तैगळ. उरला पिवळा, म्हणावं तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये अभिनेते विजय यांनी लाल-पिवळा झेंडा काढला, त्यावर दोन हत्तीसुद्धा बसवले. म्हणजे विमानाला देण्यासारखा निष्पक्ष रंग करडाच, आणि तो दिला की परत मूळ प्रश्न. बरं, ‘सूर्यकिरण’ हे नाव तरी? ज्या किनाऱ्यावर अण्णा, एमजीआर, करुणानिधी आणि जयललिता अशी चार स्मारकं ओळीने आहेत, आणि उगवता सूर्य ही ज्यांतल्या एका बाजूची निवडणूक निशाणी आहे, तिथे सूर्याचे किरण नऊच्या रांगेत काढायचे म्हणजे आचारसंहितेच्या काळात परवानगीच मिळायची नाही.

या विषयातलं जे थोडंफार मला कळतं ते आमच्या सेलैयूरच्या काकांमुळे. सेलैयूर म्हणजे ताम्बरमच्या हवाई तळाला खेटून. काका मूळचे साताऱ्याचे, वायुदलात तंत्रज्ञ, निवृत्त होऊन इथेच राहिले, कारण सून तमिळ आणि इडली मऊ. विमानाच्या रंगाबद्दल बोलताना त्यांच्या आवाजाला हळद-कुंकवाचं गांभीर्य येतं.

“तुम्ही लोक चित्र काढता कागदावर,” ते म्हणाले, “कागदाला वजन नसतं. रंगाला असतं.”

मी वहीत लिहून घेतलं.

“शेपटीचा हलणारा भाग रंगवला ना, तर तो काढून पुन्हा तोलावा लागतो. दोन कोट जास्त चढले, मागची बाजू जड झाली, की वेगात तो फडफडायला लागतो. फडफडला की तुटतो. आता सांगा, तुमचा मोराचा पिसारा कुठं येणार?”

पिसारा शेपटीवरच येणार होता. मी गप्प बसलो.

“आणि नाकावर काही काढायचं नाही. आत रडार असतं. सोनेरी, चंदेरी, धातूची भुकटी असलेला रंग तिथं गेला की रडार आंधळं. नाकावर सोन्याचा गणपती काढा म्हणून सांगणारा दरवेळी एकजण असतोच.”

मग त्यांनी मला विमानावरची अक्षरं सांगितली. विमान लांबून गुळगुळीत दिसतं. जवळ गेलं की ते सरकारी रुग्णालयाच्या भिंतीसारखं सूचनांनी भरलेलं असतं. इथे पाय ठेवू नका. इथून ढकलू नका. इथे जॅक लावा. वैमानिकाच्या आसनाखाली स्फोटक असतं म्हणून तांबडा त्रिकोण. हवा मोजायची बारीक भोकं बुजवू नका, नाहीतर वैमानिकाला वेगही कळणार नाही आणि उंचीही. चित्रकाराने झोकात काढलेली प्रत्येक रेघ यांतल्या कुठल्या ना कुठल्या सूचनेला आडवी जाते, आणि अशा वेळी माघार रेघेने घ्यायची असते. मोराचा डोळा नेमका इंधनाच्या झाकणावर आला, तर दर उड्डाणाआधी मोराचा डोळा उघडून त्यात नळी खुपसावी लागणार. पंधरा ऑगस्टला, मुलांसमोर.

त्यात चेन्नईची हवा. जुना रंग खरवडायचा, पत्रा साफ करायचा, प्रायमर द्यायचा, चिकटपट्टी लावून एकेक रंग फवारायचा, प्रत्येक थर वाळू द्यायचा. इथे अंघोळ केलेला माणूस वाळत नाही, तिथे थर कसा वाळणार? दमट हवेत फवारलं की काही रंगांवर पांढुरकी साय धरते. डाळिंबी काढायला जावं आणि स्ट्रॉबेरी मिल्कशेक व्हावा.

गडद रंगाची आणखी एक गोष्ट आहे, ती मी काकांना सांगितली, तेवढाच माझा मोठेपणा. १९९६ मध्ये पेप्सीने जाहिरातीसाठी एक काँकॉर्ड विमान निळंशार रंगवून घेतलं. काँकॉर्ड पांढरं असायचं ते हौसेने नव्हे. आवाजाच्या दुप्पट वेगाने त्याचं अंग तापायचं, आणि पांढरा रंग ती उष्णता बाहेर टाकायचा. निळं केल्यावर अट आली: दुप्पट वेगाने जायचं तर वीस मिनिटांच्या वर नाही. आणि पंख पांढरेच ठेवायचे, कारण त्यांत इंधन. म्हणजे जगातलं सगळ्यात वेगवान प्रवासी विमान एका शीतपेयामुळे तापत होतं. काका हसले नाहीत. “मे महिन्यात ताम्बरमला निळ्या विमानावर हात ठेवून बघा,” एवढंच म्हणाले. दुप्पट वेगाची गरजच नाही.

पण खरा गोंधळ तांत्रिक नाहीच, तो इतिहासाचा आहे. २०३२ मध्ये वायुदलाची शताब्दी आहे, आणि तेव्हा ‘एखादं विमान पहिल्या विमानासारखं रंगवू या’ असं कुणीतरी म्हणणारच. म्हणायला सोपं आहे. ८ ऑक्टोबर १९३२ ला दल स्थापन झालं, १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं, चार वापिटी विमानं घेऊन. वापिटी म्हणजे दोन मजली पंखांचं चंदेरी रंगाचं धूड. चंदेरी सुखोई! कल्पनाच देखणी. फक्त एक अडचण आहे. वापिटीच्या पंखांवर जे गोल होते ते ब्रिटिशांचे: निळा, पांढरा, लाल. इतिहासाशी इमान राखायचं तर आपल्या सुखोईवर इंग्रजांचा गोल काढावा लागेल, आणि त्या फाइलवर सही करणारा अधिकारी अजून जन्माला यायचा आहे.

मग पुढचा काळ घ्यावा म्हणावं, तर दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गोलातला लाल रंगच पुसून टाकला होता. जपानी विमानांवर तांबडा सूर्य असायचा, आणि खालच्या घाबरलेल्या तोफवाल्याला लाल ठिपका दिसला की तो आधी तोफ डागायचा आणि मग चौकशी करायचा. म्हणून गोल नुसता गडद निळा आणि फिका निळा. स्वातंत्र्यानंतर तिथे अशोकचक्र आलं. ते तीनेक वर्षं टिकलं. १९५० पासून बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. वायुदल एकच, गोल चार. समितीतल्या चार सदस्यांना चार आवडतील आणि बैठक चहावर संपेल. मला विचाराल तर चक्र घ्यावं. त्यावर कुणाचा आक्षेप नसतो आणि आरे मोजताना मुलांचा वेळ छान जातो.

बाहेरच्या देशांनी हे दुखणं अंगावर काढलेलं आहे. ब्रिटनने २०१५ मध्ये ‘बॅटल ऑफ ब्रिटन’च्या पंचाहत्तरीला एक टायफून जेट १९४० च्या हरिकेनसारखं हिरवं-तपकिरी रंगवलं, त्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या निकल्सन यांच्या विमानावरची अक्षरंही त्यावर घातली. शेता-बांधांवरून हळू जाणाऱ्या विमानाचा रंग आवाजाला मागे टाकणाऱ्या विमानावर. अमेरिकेच्या नौदलाने २०११ मध्ये हवाई शाखेच्या शंभरीला दोन डझनांहून जास्त विमानं जुन्या रंगांत काढली. युरोपात तर ज्यांच्या बिल्ल्यावर वाघ आहे अशी स्क्वाड्रनं १९६१ पासून मेळावा भरवतात आणि विमानांना वाघाचे पट्टे काढतात. आपल्या पहिल्या स्क्वाड्रनचं नावही ‘टायगर्स’. पण आपण सोसून करतो. शेपटीवर एक बिल्ला, फार तर वर्षांचा आकडा. सरकारी नोकराने मुलीच्या लग्नात गुलाबी फेटा बांधावा, पण शर्ट ऑफिसचाच ठेवावा, तसं.

यात मला एकच गोष्ट खटकते. आठवण म्हणून जे रंगवतात ते मूळच्यापेक्षा फार नीटनेटकं असतं. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीआधी दोस्तांच्या हजारो विमानांवर काळे-पांढरे पट्टे ओढले गेले, आपल्याच लोकांनी आपल्याला पाडू नये म्हणून. वेळ जेमतेम, गुप्तता कडक, त्यामुळे हाताला लागेल ते घेऊन लोक भिडले, ब्रश तर ब्रश, झाडू तर झाडू. पट्टे वाकडे, ओघळ आलेले, एक रुंद एक अरुंद. आज संग्रहालयातल्या विमानांवर तेच पट्टे चिकटपट्टी लावून, मोजपट्टी धरून, सुतात काढलेले असतात. बघणाऱ्याला वाटतं, काय शिस्तीचं युद्ध होतं!

आपल्याकडेही तेच. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये पठाणकोटच्या तळावर उघड्यावर उभी असलेली आपली विमानं शत्रूने जमिनीवरच जाळली. चकचकीत पत्रा वरून आरशासारखा दिसतो. १९७१ आलं तेव्हा तो धडा लक्षात होता, आणि स्क्वाड्रनांनी आपापल्या मिगांवर मिळेल तो हिरवा आणि मिळेल तो तपकिरी चोपडला. कुणाचे पट्टे, कुणाचे ठिपके, कुणाचं नुसतं सारवण. दोन विमानं एकसारखी नाहीत. आज प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडणारे हौशी लोक त्या हिरव्याचा नेमका क्रमांक कोणता यावर वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलणं टाकतात. मी हा वाद काकांपुढे नेला.

“क्रमांक?” ते म्हणाले. “डबा जो उघडा असेल तो.”

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत अक्कलहुशारीचं काम एका म्हाताऱ्या डकोटाने केलं आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला पहिल्या शीख बटालियनचे जवान डकोटा विमानांतून श्रीनगरला उतरले, त्यांतल्या एकाचा क्रमांक होता व्हीपी ९०५. पुढे तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी एक जुनं डकोटा मिळवलं, इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला त्याची डागडुजी करून घेतली, आणि २०१८ मध्ये ते वायुदलाला भेट दिलं. त्यांचे वडील वायुदलात डकोटाच चालवायचे. या भेटीच्या विमानावर क्रमांक लिहिला व्हीपी ९०५. ते विमान हे नव्हे, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी ते मरीनावरून संथपणे गेलं तेव्हा म्हातारी माणसं उठून उभी राहिली. ना मोर, ना वाघ, ना पट्टे. दोन अक्षरं आणि तीन आकडे. त्याचं नाव ठेवलंय ‘परशुराम’. देणारे मूळचे केरळचे, म्हणून परशुराम असेल. आमच्या चिपळूणच्या मेहुण्याने हे ऐकल्यावर ‘परशुराम आमचा’ म्हणून जो फोन लावला तो अर्धा तास चालला. समुद्र हटवून जमीन नक्की कुठल्या टोकाने वर आली, याचा निकाल वायुदलाकडे मागणं बरं नव्हे, असं मी त्याला परोपरीने समजावलं.

२०३२ च्या समितीबद्दल मला तेवढी आशा नाही. आपण फ्लेक्सच्या युगातली माणसं. एके काळी चेन्नईच्या माउंट रोडवर सिनेमाचे तीन मजली चेहरे माणसं हाताने रंगवायची, आता ते मशीनमधून गुंडाळीने निघतात. विमानावरही हल्ली चित्राची फिल्म चिकटवता येते. एकदा फिल्म आली की पंखांवर मध्यभागी मोठा फोटो, डावीकडे मार्गदर्शक, उजवीकडे प्रेरणास्थान, पोटाखाली गोल चौकटीत शुभेच्छुक, आणि कुणाचा फोटो कुणापेक्षा बोटभर लहान झाला म्हणून धावपट्टीवर धरणं. या बाबतीत महाराष्ट्र आणि तमिळनाडू ही सख्खी भावंडं आहेत.

हे चित्र मी काकांना रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे कॉफी संपवली. त्यांना डिझाइनची काळजी नव्हती. त्यांना काळजी होती दुसऱ्या दिवसाची. “समारंभ झाला की ते विमान परत ड्यूटीवर जाणार. म्हणजे परत करडं करायला लागणार. मोर काढायला जेवढे दिवस लागतात ना, त्याच्या दुप्पट तो मोर काढायला लागतात.”

आणि त्यासाठी निविदा वेगळी निघते.